फर्स्ट इयर एमबीबीएसच्या पोरांच्या आईबाबांना खुलं पत्र

नमस्कार काका, नमस्कार काकू,

यंदा ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला एमबीबीएसला सीट लागलीय, आणि तीही आपल्या कोकणातल्याच कॉलेजात, त्या सगळ्यांचं आधी मनापासून अभिनंदन. मी कुडाळकडची, इथल्याच एका मेडिकल कॉलेजात फायनल इयरला आहे. दरवर्षी नवी बॅच येते तेव्हा हॉस्टेलच्या दारात गादी, बादली, लाडवांचे डबे घेऊन उभे असलेले आईबाबा बघते आणि दरवर्षी वाटतं की पोरांशी बोलायला सगळे आहेत, सीनियर आहेत, सर-मॅडम आहेत, दोन आठवड्यांचा फाउंडेशन कोर्स आहे, पण तुमच्याशी कोणी धड बोलतच नाही. फी भरा, अंडरटेकिंगवर सह्या करा, झालं, निघा. म्हणून हे लिहितेय. वयाने लहान आहे, पण कळकळीने लिहितेय, राग मानू नका.

मुद्दा एकच आहे. कॉलेज घराजवळ आलंय म्हणून पोरगं घरीच आहे असं धरू नका, आणि अॅडमिशन झालंय म्हणून ते डॉक्टर झालंय असंही धरू नका. पहिलं वर्ष त्याला फक्त विद्यार्थी राहू द्या.

आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांना आत्ता आत्तापर्यंत डॉक्टर व्हायचं म्हणजे मुंबई, मिरज, कोल्हापूर नाहीतर पार नागपूरपर्यंत जायला लागायचं. चिपळूणजवळच्या डेरवणचं कॉलेज 2015 ला आलं, मग अलिबागचं आणि सिंधुदुर्गचं सरकारी कॉलेज 2021-22 ला सुरू झालं, रत्नागिरीचं 2023-24 ला, ही सरकारी कॉलेजं प्रत्येकी 100 सीटांनी सुरू झाली. ही केवढी मोठी गोष्ट झालीय हे ज्यांच्या घरातलं पेशंट रात्री अॅम्ब्युलन्समधून गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नाहीतर कोल्हापूरला न्यावं लागलंय त्यांना मी सांगायला नको. पण या जवळ येण्याचा एक परिणाम कोणाच्याच लक्षात आला नाही. पूर्वी पोरगं नागपूरला गेलं की दिवाळीशिवाय तोंड दिसायचं नाही, त्यामुळे ते रडत का होईना पण तिथे रुजायचं. आता एसटीने नाहीतर पॅसेंजरने दोन तासात घर. मग शनिवारी ये, सत्यनारायण आहे ये, जत्रा आहे ये, आते मुंबईहून आलीय तुला बघायचंय म्हणते ये, शिमग्याला पालखी घरी येणार आणि तू नाहीस असं कसं, ये. आणि पोरं येतात, कारण त्यांनापण घरची आठवण येतेच, मेसचं जेवण नको झालेलं असतं. सोमवारी सकाळी पहिली गाडी पकडून थेट लेक्चरला, झोप नाही, वाचलेलं नाही, आणि प्रॅक्टिकल बुडालेलं.

हजेरीचा नियम साधा सरळ आहे, थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के. त्याखाली गेलं की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि तिथे आमदाराची चिठ्ठी चालत नाही, चालूही नये. डिसेक्शनचा, म्हणजे दान केलेला देह उलगडून शिकण्याचा, एक दिवस बुडाला तर तो दिवस परत मिळत नाही, तो भाग टेबलवर उलगडून झालेला असतो, नंतर पुस्तकात कितीही चित्रं बघा. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पहिले काही महिने तरी, निदान पहिली इंटर्नल, म्हणजे कॉलेजचीच आतली परीक्षा, होईपर्यंत, बोलावणं तुमच्याकडून नको. त्यांना यायचं असेल तर येतील. गणपतीला, दिवाळीला येऊ देत, बाकी सगळं फोनवर.

आता मार्कांचं. यात सगळ्यात जास्त गैरसमज आहे. तुमचं पोरगं दहावीला नव्वदच्या पुढे, बारावीला तसंच, नीटला 720 पैकी चांगले घसघशीत मार्क, आयुष्यात कधी नापास हा शब्द घरात आलेला नाही. आणि मग फर्स्ट इयरच्या पहिल्या इंटर्नलला अॅनाटॉमीत 40 टक्के. घरी भूकंप. मोबाईल बघत असेल, संगत लागली असेल, मुलगी असेल तर आणखी काहीबाही. काकू, असं काही नसतं हो. पासिंग 50 टक्क्यांना असतं आणि 75 मिळाले तर डिस्टिंक्शन, यावरून समजून घ्या की इथे मार्क कसे पडतात. नीटला चार पर्यायातला एक गोल भरायचा होता, इथे त्याच पोराला समोर हाड धरून उभं करतात आणि विचारतात हे कुठल्या बाजूचं, हे धरून दाखव, इथे कुठला मसल लागतो, त्याची नर्व्ह कुठली, ती नर्व्ह कापली गेली तर पेशंटचा हात कसा दिसेल. तेही इंग्लिशमध्ये, उभ्याउभ्या, सर डोळ्यात बघत असताना. पाठ असलेलंपण तोंडातून येत नाही. हे सगळ्यांचं होतं, लातूरच्या क्लासात दोन वर्ष काढून आलेल्यांचंपण होतं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत विषय राहिला तरी सप्लीमेंटरी होते आणि त्यात निघाला की पोरगं आपल्याच बॅचबरोबर पुढे जातं. फर्स्ट इयरला चार अटेम्प्ट असतात. म्हणजे नियम करणाऱ्यांनीच धरून चाललंय की काही पोरं अडखळणार, मग आपण घरात एवढं आकाश का कोसळवायचं?

आणि ते बॅनर. खरं सांगायचं तर हे पत्र लिहायला बसले ते त्या बॅनरमुळेच. लिस्ट लागली की आपल्याकडे तिठ्यावर बॅनर लागतो, पोराचा फोटो, खाली वाडीतल्या सगळ्यांचे फोटो, आणि नावाआधी मोठ्या अक्षरात डॉ. अजून कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसतं. तुमचं कौतुक खरं आहे, मला कळतं, वाडीतलं पहिलं पोरगं असतं ते, आंब्याची कलमं करारावर देऊन क्लासची फी भरलेली असते, एखाद्याच्या बाबांनी होडीवरचं कर्ज तसंच ठेवून भरलेली असते. पण माझी एक ज्युनियर आहे, तिला पहिल्या इंटर्नलला तीनपैकी दोन विषयात कमी मार्क पडले. त्यानंतर ती घरी गेली तेव्हा तिठ्यावर उतरलीच नाही, आदल्या स्टॉपला उतरली आणि बॅग घेऊन पाणंदीतून चालत घरी गेली, कारण तिठ्यावर तो बॅनर अजून होता, पावसाने रंग उडालेला पण नाव वाचता येत होतं. घरी कोणाला कळलंही नाही ती त्या बाजूने का आली. मला तिने हे हॉस्टेलच्या जिन्यात बसून सांगितलं आणि वर म्हणाली, ताई, तो बॅनर बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलाय, काढा कसं सांगू. बाबांना तिने नाहीच सांगितलं. म्हणून मी सांगतेय, तिच्या बाबांना आणि तुम्हा सगळ्यांनाच. नावाआधी डॉ. लावायचा हक्क साडेचार वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरी करून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावर येतो. त्याच्या आधी नको. सत्कार करायचा तर घरात पाटावर बसवून ओवाळा, नारळ द्या, पोरं तेवढ्यानेच भरून पावतात.

डॉ. लावलं की पुढची गोष्ट आपोआप येते. रिपोर्ट. गणपतीत घरी गेलं की आरती झाल्याझाल्या खळ्यात सुरू होतं. काय गो डॉक्टरीण, कधी इलंस, आणि हातात पिशवीतून काढलेला एक्सरे. शुगरच्या गोळ्या बदलू काय, गुडघ्यात इंजेक्शन घेऊ काय, मुंबईच्या डॉक्टरनं स्टेंट सांगितलाय तो खोटं बोलतोय काय. फर्स्ट इयरचं पोरगं त्यावेळी काय शिकलेलं असतं सांगू? अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. म्हणजे चांगलं शरीर कसं असतं आणि कसं चालतं. रोग कसा होतो हे दुसऱ्या वर्षात येतं, औषधंही तेव्हाच येतात. त्याला अजून क्रोसिनचा डोस विचारलात तर तो मोबाईल बघूनच सांगणार, तुम्ही बघता तसा.

आणि यात नुसता संकोच नाहीये, धोका आहे. माझ्या बॅचमधल्या एकाची गोष्ट आहे, तो फर्स्ट इयरला असताना गणपतीत घरी गेलेला. शेजारच्या काकांना दोन दिवस ताप, अंग ठणकतंय, पोटऱ्या तर हात लावू देत नव्हते, डोळे लाल. रोज शेतात चिखलात काम. घरच्यांनी याला बोलावलं, बघ रे काय ते आणि एखादी गोळी लिहून दे. याने हात जोडून सांगितलं की मला यातलं काही कळत नाही, मी गोळी देणार नाही, आत्ताच्या आत्ता ग्रामीण रुग्णालयात न्या, मी पण येतो. काकू चिडल्या, तर मग तुका मेडिकलाक कशाक धाडल्यानी. तरी तो हटला नाही, रिक्षा बोलावली आणि घेऊन गेला. लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. लेप्टोत पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात, वेळेत औषध सुरू झालं तर माणूस बरा होतो आणि उशीर झाला तर किडनी, लिव्हर, फुप्फुस काहीही धरतं, हे आता मला माहितीय, तेव्हा त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की आपल्याला माहीत नाही. मला विचाराल तर फर्स्ट इयरच्या पोराने गावासाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते करताना घरच्यांनी त्याच्या बाजूने उभं राहायला हवं. साप चावला तरी हेच, फुरसं असो की घोणस असो की मण्यार, पोराला उठवून विचारत बसू नका, दोरी आवळू नका, कापू नका, हात किंवा पाय हलू न देता जिथे सापाचं इंजेक्शन आहे तिथे गाडी काढा.

आणखी एक गोष्ट आहे जी पोरं तुम्हाला सांगत नाहीत. डिसेक्शन. पहिल्या दिवशी हॉलमध्ये शिरलं की फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, नाकात तो वास बसतो तो आंघोळ करूनही जात नाही, काही पोरांना त्या दिवशी जेवण जात नाही. त्याआधी सगळी बॅच उभी राहून शपथ घेते की या देहाचा आम्ही मान राखू. ते शरीर कोणाचे तरी आजोबा असतात, कोणाची तरी आई असते, मरताना सांगून गेलेले असतात की मला जाळू नका, पोरांना शिकायला द्या, आणि घरच्यांनी डोळ्यात पाणी असताना ते पाळलेलं असतं. असं असताना पोरगं घरी आलं की त्याला पडवीतच थांबवायचं, आंघोळ केल्याशिवाय आत नको, मढ्याला हात लावून आलाय तर यंदा गणपतीची पूजा दुसऱ्याने करायची, असं बऱ्याच घरात चालतं. माझ्या एका मित्राने त्या वर्षी नैवेद्याच्या ताटालाही हात लावला नाही, कोणी सरळ बोललं नव्हतं, पण आजी नुसती बघत होती. हे नका करू. हात साबणाने धुतले की झाले. ज्या माणसाने मेल्यावर आपला देह दिला त्याच्याकडून शिकून आलेल्या पोराला गणपतीपुढे मागे उभं करणं मला पटत नाही आणि गणपतीलाही पटेल असं वाटत नाही. उलट त्याला विचारा की काय बघितलं आज, हृदय हातात घेतलं का, केवढं असतं. तो सांगेल, खूप सांगेल, आणि तुमच्याशी बोलायला त्याला एक विषय मिळेल जो मार्क नाहीये.

ज्यांची पोरं लांबून आलीयत, लातूर, नांदेड, जळगाव, अमरावतीकडून, त्या काका-काकूंना वेगळं सांगायचंय. इथला पाऊस बघून तुम्ही घाबरता, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, रात्री लाईट जाते, खरं आहे ते सगळं. मेसमध्ये पोळीपेक्षा भात जास्त दिसतो. सवय होते. पण तुमच्या पोरांसाठी एक मागणं मी इथल्या आईबाबांकडे करते, तुमचं पोरगं गणपतीला घरी येईल तेव्हा त्याला सांगा की रूममेटला पण घेऊन ये. बाराबारा, चौदाचौदा तासांचा प्रवास करून दोन दिवसांसाठी घरी जाणं त्यांना जमत नाही, आणि सणाच्या दिवशी रिकाम्या हॉस्टेलवर राहिलेली पोरं कशी दिसतात ते मी बघितलंय. तुमच्या घरात पंचवीस पानं वाढली जातात त्या दिवशी, सव्विसावं जड नाही.

अजून एक. अॅडमिशनच्या पुढच्या राऊंडमध्ये मुंबई मिळेल म्हणून बॅग उघडूच नकोस, किंवा परत एकदा नीट दे, असं काही घरातून सुरूच असतं. अपग्रेड मिळणार असेल तर जरूर घ्या, नियमात आहे, पण राऊंड संपल्यावर तो विषयही संपवा. इथल्या नवीन कॉलेजात सगळं आहे असं मी म्हणणार नाही, कुठे टीचर कमी आहेत, कुठे हॉस्टेल धड नाही, त्यासाठी तुम्ही पालक म्हणून जरूर भांडा, अर्ज करा, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. पण इथे शिकून काय होणार असं पोरासमोर बोलू नका. महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे पेशंट बघितले, विंचू चावून माणसं पटापट जायची तेव्हा, आणि प्राझोसिन नावाच्या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीने ती वाचवता येतात हे दाखवलं, ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम आपल्या कोकणात झालंय, लाल मातीतल्या एका छोट्या दवाखान्यात.

पैशाचं गणित पहिल्या वर्षात मांडू नका हेही सांगते. साडेपाच वर्ष कोर्स, सरकारी कॉलेज असेल तर पुढे एक वर्ष बॉण्डची सेवा, मग पीजीची, म्हणजे एमडी-एमएससाठीची, परीक्षा, मिळालं तर तीन वर्ष. बाजारपेठेत दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवलाय असं सतरा-अठरा वर्षाच्या पोराला फोनवर सांगितलं की त्याला रात्री झोप लागत नाही, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय.

झोपेवरून आठवलं. 2024 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सचा रिपोर्ट आला, त्यात पंचवीस हजारांवर एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली होती आणि 27.8 टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. म्हणजे चार पोरांच्या खोलीत एक. तुमचंच असेल असं नाही, पण नसेलच असंही नाही. फोनवर आवाज बदललेला कळतो आईला. जेवलास का विचारल्यावर नुसतं हं येतं, घरी यायला सारखी कारणं शोधतं किंवा एकदम यायचंच बंद करतं, मित्राचं एकही नाव बोलण्यात येत नाही, तेव्हा अभ्यास कर म्हणू नका, उठून या. त्यावेळी मात्र जवळ असल्याचा फायदा घ्या, त्याच दिवशी गाडी पकडा. कॉलेजात सायकिअॅट्रीचे डॉक्टर असतात, मेंटॉर टीचर असतात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि रॅगिंगचा संशय आला तर सीनियर थोडंफार करतातच म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, तुम्ही अॅडमिशनला ज्या कागदावर सही केलीत तो त्यासाठीच होता, हेल्पलाईन 1800-180-5522. मी स्वतः सीनियर आहे म्हणून सांगते, यात थोडंफार असं काही नसतं.

आणि तुमच्या गावात, तुमच्या वाडीत कधीतरी पांढरा कोट घातलेली पोरं येतील, सोबत एखादे सर किंवा मॅडम आणि आशाताई असतील. फॅमिली अॅडॉप्शन म्हणतात त्याला, पहिल्या वर्षापासूनच पोरांना गावातली काही कुटुंबं नेमून देतात. वजन, उंची, बीपी बघतील, घरात पाणी कुठलं पिता विचारतील, कोणाला शुगर आहे का विचारतील. ती तुमची पोरं नसतील, कोणाची तरी असतील. त्यांना बसायला द्या, खरी माहिती द्या, दारू पिता का विचारलं तर उगाच नाही म्हणू नका. रिपोर्ट दाखवायचे असतील तर तेव्हा त्या सरांना दाखवा.

अॅडमिशनच्या दिवशी पोराला सोडून लगेच गाडी पकडू नका एवढं शेवटचं. पालकांची मीटिंग असेल तर बसा, नसेल तर डीन ऑफिसला जाऊन मागा. वॉर्डनचा नंबर घ्या, मेंटॉर टीचरचं नाव विचारून घ्या, रात्री पोरगं आजारी पडलं तर कोणाला फोन करायचा ते विचारा, मुलींच्या हॉस्टेलला रात्री लायब्ररीतून यायला लाईट आणि सिक्युरिटी आहे का ते स्वतः चालत जाऊन बघा. नसेल तर तिथल्या तिथे लेखी द्या आणि पोचपावती घ्या. आम्ही पोरांनी मागितलं तर बघू म्हणतात, पन्नास पालकांच्या सह्यांचा अर्ज गेला की लाईट लागते.

तुमचीच,
फायनल इयरला शिकणारी कुडाळकडची एक मुलगी